तंबाखूची शपथ पुरे, टपरी लांब न्या

शपथ घेऊन तंबाखू सुटत नाही आणि यात शपथ घेणाऱ्याचा दोष फार थोडा असतो, हे मला आज जरा सविस्तर मांडायचंय. दरवर्षी ३१ मेला जागतिक तंबाखू विरोधी दिन येतो, ऑफिसात, कारखान्यात, ग्रामपंचायतीत हात पुढे करून शपथ होते, पोस्टर लागतात. करणाऱ्यांची तळमळ खरी असते, मीपण अशा कार्यक्रमांत मनापासून उभी राहिलेय. पण हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय त्या माणसाला तंबाखू वाईट आहे हे आधीपासून माहीत असतं हो. २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के जागेवर इशारा आणि आजाराचा फोटो छापलेला असतो, तो रोज डोळ्यासमोर धरूनच पुडी फाडली जाते. घरात कुणाचातरी जबडा काढलेला बघितलेला असतो, टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या केलेल्या असतात, आणि तरी जेवण झालं की हात खिशात जातो.

मग आपण म्हणतो मनाचा कच्चा आहे. बायको म्हणते, आई म्हणते, डॉक्टरपण वैतागून म्हणतात. माझं म्हणणं असं की आपण मेंदूच्या ज्या भागाला समजावतोय तो भाग तंबाखू मळतच नाहीये, आणि जोपर्यंत सरकार, शाळा, घरचे सगळे फक्त त्याच भागाशी बोलत राहणार तोपर्यंत दरवर्षी शपथा होतील आणि पुड्यापण संपतील.

सवय मेंदूत वेगळ्या जागी राहते हे कसं कळलं ती गोष्ट मुळातून सांगते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाचं फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूचं ऑपरेशन झालं, त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा तुकडा काढला गेला. फिट्स कमी झाल्या पण नवी आठवण साठणंच बंद झालं, समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला तर नव्याने ओळख करून द्यावी लागायची. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं, आरशात बघून चांदणीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. करून बघा, भयंकर अवघड असतं, हात उलटाच जातो. दिवसागणिक त्याच्या चुका कमी होत गेल्या, आणि त्याच्या लेखी मात्र रोज हे काम तो पहिल्यांदाच करत होता. म्हणजे हाताला आठवत होतं, माणसाला नाही.

नंतर सॅन दिएगोत लॅरी स्क्वायर यांच्या टीमने अजून एका माणसाचा बरीच वर्षं अभ्यास केला, मेंदूला व्हायरसचं इन्फेक्शन होऊन त्याची स्मृती गेली होती, संशोधनात त्याचं नाव फक्त ई.पी. असं येतं. त्याच्यापुढे वस्तूंच्या आठ जोड्या ठेवायचे, प्रत्येक जोडीतली एक वस्तू कायम बरोबर. धडधाकट माणसं हे दोन-चार बैठकांत शिकतात, याला कित्येक आठवडे लागले पण शिकला, बहुतेक वेळा बरोबर उचलायला लागला, आणि कसं काय जमतं हे मात्र त्याला सांगता येत नसे. मग एक दिवस त्यांनी सगळ्या सोळा वस्तू एकदम टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले यातल्या बरोबरच्या वेगळ्या काढा. वस्तू त्याच, माणूस तोच, आणि शिकलेलं सगळं गायब, नुसते अंदाज. हा निष्कर्ष २००५ साली छापून आला आणि मला तो या सगळ्या विषयातला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण त्यातून दिसतं की सवय ही मांडणीसकट साठवलेली असते, मांडणी हलली की तिला सुरुवातच सापडत नाही.

सवय राहते ती जागा म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा पुंजका, त्यातही स्ट्रायटम नावाचा भाग. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ॲन ग्रेबिएल या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी उंदरांच्या या भागात बारीक तारा बसवून त्यांना टी आकाराच्या बोळातून पळवलं, आवाज झाला की निघायचं, योग्य बाजूला वळलं की खाऊ. सुरुवातीला पूर्ण वाटभर पेशी कामाला लागलेल्या, पण रोज रोज तेच झाल्यावर १९९९ साली त्यांनी दाखवलं की पेशी आता फक्त निघताना आणि पोचल्यावर जोरात बोलतायत, मधली वाट जवळपास शांत. गाडीवान झोपला तरी बैल घर गाठतात ना, तसं, एकदा दावणीकडे तोंड झालं की पुढचं कुणी हाकायला लागत नाही. चुना काढणं, चिमूट मळणं, थोपटणं, ओठात बार धरणं ही चार-पाच कामं आपल्याला वेगवेगळी दिसतात पण मळणाऱ्याच्या मेंदूत तो एकच तुकडा आहे, पुडीला हात लागला की शेवटापर्यंत जातो. गप्पा मारता मारता एकेकाचं मळून होतं आणि त्याला विचारलं आत्ता काय केलंस तर क्षणभर गोंधळतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता माहिती देऊन सवय का बदलत नाही त्याचं उत्तर केंब्रिजच्या प्रयोगांत आहे, १९८० च्या दशकातले, ॲडम्स आणि डिकिन्सन यांचे. उंदरांना दांडा दाबला की साखरेची गोळी. मग त्या गोळीनंतर मळमळेल असं औषध टोचून गोळीचीच किळस बसवली. ज्या उंदरांनी थोडाच वेळ दांडा दाबलेला त्यांनी दाबणं कमी केलं, शहाणपणाच आहे तो. पण ज्यांचा दांडा दाबण्याचा सराव शेकडो वेळा झाला होता ते दाबतच राहिले. गोळी त्यांना नको होती, समोर आली तर खात नव्हते, तरी दांडा दाबणं चालू. पुढे असंही दिसलं की स्ट्रायटमच्या बाहेरच्या बाजूचा भाग निकामी केला तर जुन्या सरावाचा उंदीरपण परत शहाण्यासारखा वागतो. पुडीवरचा फोटो, कॅन्सरचं भाषण, मुलीने रडून सांगणं, हे सगळं गोळीची किळस बसवण्यासारखं आहे, ते पोचतं, खरंच पोचतं, माणूस मनातून तंबाखूला कंटाळलेला असतो. फक्त दांडा दाबणाऱ्या हातापर्यंत ते पोचत नाही. तोंडाचं ऑपरेशन झालेले काही पेशंट पुन्हा पुडीकडे वळतात हे कॅन्सरच्या डॉक्टरांना नवीन नाही, आणि त्या पेशंटला बेजबाबदार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

इथे कुणीतरी म्हणणार की अहो सवय काय घेऊन बसलात, निकोटीन आहे ते, केमिकलचं व्यसन आहे. बरोबरच आहे. निकोटीन डोपामिन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं मेंदूतलं रसायन, वाढवतं आणि म्हणून ही सवय चहाच्या सवयीपेक्षा कितीतरी घट्ट बसते. पण नुसत्या निकोटीनचा हिशोब करून बघा. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, डोकं दुखतं, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराचा तो त्रास बराचसा ओसरतो. मग सहा महिने न लावलेला माणूस लग्नाच्या पंगतीनंतर मित्रांच्या घोळक्यात उभा राहिला की का घसरतो? तिथे निकोटीन रक्तात नाहीये, तिथे पंगत आहे, ते मित्र आहेत, पुढे आलेला तळहात आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या कामात हे फार स्पष्ट दिसतं, सुरुवातीला डोपामिनच्या पेशी रस तोंडात पडल्यावर पेटायच्या, सराव झाल्यावर रस येणार असं सांगणारा दिवा लागला की पेटायला लागल्या. तलफ दिव्याला लागते. आपल्याकडे तो दिवा म्हणजे टपरीवर लटकलेल्या पुड्यांच्या माळा, आणि त्या दर चौकात आहेत.

आणि सवय पुसली जात नाही हे पण लक्षात घ्या. ग्रेबिएल यांच्याच टीमने २००५ साली दाखवलं की खाऊ बंद केला तर उंदरांच्या पेशींमधली ती निघताना-पोचताना बोलण्याची पद्धत विरून जाते, पण खाऊ परत सुरू केला की तीच पद्धत झपाट्याने परत येते. म्हणजे आत कुठेतरी होतीच. म्हणून वर्षभराने घसरलेल्या माणसाला "शेवटी तू तसलाच" म्हणण्यात काही अर्थ नाही.

जागा बदलली तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हिएतनामचं. १९७१ च्या सुमाराला तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन इतकं पसरलं होतं की वॉशिंग्टनला धडकी भरली, हे सगळे परत आल्यावर काय. ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. जवळपास पाचातला एक सैनिक तिथे असताना व्यसनी झाला होता, आणि त्या व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा लोकांना खरं वाटलं नाही. याला एकच कारण नव्हतं हे मान्य, घरी हेरॉइन महाग होतं, युद्धाचा ताण नव्हता, सोबतचे लोक वेगळे होते, पण बघा ना ही सगळी कारणं माणसाच्या बाहेरची आहेत. त्या पोरांचं मन विमानात बसल्यावर एकाएकी खंबीर झालं असं तर कुणी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ २६.६ टक्के निघाले, त्यात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी आणि पुडीचा, मशेरीचा जास्त. त्याआधीच्या २००९-१० च्या सर्वेक्षणात एकूण आकडा ३१.४ होता. मधल्या काळात २०१२ च्या जुलैमध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पुडीवरची चित्रं मोठी झाली, करपण वाढले, नेमकं कशाने किती कमी झालं हे वेगळं काढता येणार नाही पण माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. सहज हाताला लागणं कमी झालं की सवयीला खुराक मिळत नाही. म्हणूनच गुटख्याच्या जागी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असं विकायला लागले तेव्हा बंदीचा अर्धा जीव गेला, कारण दोन पुड्या एकत्र करायला हाताला चार सेकंद लागतात आणि आठवडाभरात तोच नवा तुकडा पक्का होतो.

कायदे नाहीत असं अजिबात नाही. २००३ च्या केंद्राच्या तंबाखू कायद्यात शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे, अठराच्या खालच्या मुलाला विकायला मनाई आहे. २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली, तीही कायद्याने. हे नियम मला फार शहाणे वाटतात, ज्यांनी लिहिले त्यांनी मेंदूचा विचार केला असेल नसेल पण ते थेट दिव्यावर बोट ठेवतात. पाकीट घ्यायला पैसे मोजावे लागतात, विचार करावा लागतो, एक सुटी सिगारेट चहाबरोबर विचार न करता पेटते. पण आपल्या गावातल्या हायस्कूलच्या फाटकासमोर उभं राहून बघा. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, काही शाळांबाहेर पिवळी रेष मारलेली दिसतेसुद्धा, आणि रेषेच्या आत पुड्यांची माळ लटकतेच. नियम मोडला तर दंड २०० रुपयांपर्यंत. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं रोज दोनदा त्या माळेखालून जातं, तेरा हजार फलक लावा नाहीतर शपथ द्या, त्याच्या मेंदूत वाट, वेळ, मित्र आणि पुडी हे चारी एकत्र बांधलं जातंय आणि एकदा बांधलं की आपण वर बघितलंच, सुटत नाही. म्हणून माझा सगळा जोर इथे आहे, ज्या पैशात आणि मनुष्यबळात शपथांचे कार्यक्रम होतात ते वर्षभर या ९१ मीटरवर लावा.

टपरीवाल्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. बहुतेक टपरीवाले गरीब आहेत, तंबाखूवर गिऱ्हाईक रोज परत येतं म्हणून तो माल ठेवतात, चहा-बिस्किटावर तेवढं सुटत नाही. पण कायदा टपरी उठवा म्हणत नाही, तंबाखू तिथे विकू नका म्हणतो. नगरपालिका आणि ग्रामपंचायती जागा देतात, परवाने देतात, त्यांनी शाळेजवळच्या टपऱ्यांना दुसरीकडे जागा किंवा भाड्यात सूट अशी तजवीज करावी, त्यावर खर्च होईल, होऊ दे.

मशेरीबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून थोडं लिहिते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी दात घासायला घ्यायची. माझी आजी लावायची, तिच्या जावा लावायच्या, आणि त्याला व्यसन म्हणायची कुणाची हिंमत नव्हती कारण ते दात घासणं होतं. सकाळ, चूल, परसदार, बायकांच्या निवांत दोन गप्पा, दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा, त्याला मशेरी चिकटलेली. टपरीच नाही तर टपरी लांब कशी नेणार? इथे शाळेची शपथ आणि पोलिसांचा दंड दोन्ही निरुपयोगी. इथे आशाताई कामाला येऊ शकतात, पण त्यांना "मशेरी सोडा" एवढंच सांगायला पाठवू नका, त्या बाईची सकाळ कशी जाते ते विचारायला पाठवा. तोच वेळ, तीच जागा, तोच ओटा ठेवून हातात दुसरं काही देता येतं का, साधी टूथपेस्ट, ब्रश, सोबतच्या दोघीतिघींनी एकाच दिवशी बदलायचं. एकटीने सोडलं आणि बाकीच्या शेजारी लावत बसल्या तर फार अवघड. आणि गरोदरपण हा तर फार मोलाचा काळ आहे, बाई माहेरी जाते, रोजची मांडणी मोडते, दवाखान्यात नोंद होते, बाळाचं वजन कमी भरू शकतं हे सांगायला तिथे माणूस असतो. त्याच वेळी मशेरीचा प्रश्न विचारला गेला पाहिजे, प्रत्येकीला, नावानिशी. परत सासरी आल्यावर जुना ओटा दिसेल तेव्हा काय करायचं हे आधीच बोलून ठेवलं पाहिजे.

तसंच हॉस्पिटलचं. कुठल्याही आजाराने माणूस चार-पाच दिवस ॲडमिट होतो तेव्हा टपरी नाही, नाक्यावरचे मित्र नाहीत, चुन्याची डबी नातेवाइकांनी काढून घेतलेली, निकोटीनचे सगळ्यात वाईट दिवस तिथेच निघून गेलेले. आणि आपण त्याला "आता सोडा बरं का" म्हणून डिस्चार्ज देतो. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा लिहितो तसं निकोटीन गमचं, सोडण्यासाठीच्या समुपदेशनाचं आणि महिन्याभराच्या फोनचं लिहिणं सरकारी दवाखान्यात सक्तीचं करायला काय हरकत आहे? १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल फ्री नंबर पुडीवरच छापलेला असतो, पण तो सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो खाटेवर असताना, हातात पुडी नसताना.

घरच्यांना एक सांगायचंय. २१ दिवसांत सवय बदलते असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, त्यावर विश्वास ठेवून बाविसाव्या दिवशी भांडू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला २०१० साली छापलेला अभ्यास आहे, जेवणानंतर फळ खाणं, पाणी पिणं असल्या साध्या चांगल्या सवयी अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५० च्या वर, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फार फरक पडला नाही. तंबाखू सोडणाऱ्या माणसाच्या जेवणानंतरच्या दहा मिनिटांकडे लक्ष द्या, ताटावरून उठल्यावर बसायची जागा बदला, डबी तीच राहू दे पण त्यात बडीशेप, लवंग ठेवा, गावात जाताना वाट दुसरी घ्या. सुपारी मात्र नको, नुसती सुपारीपण कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००० च्या दशकातच सांगून टाकलंय.

आणि हे घरापुरतं राहू नये म्हणून एक मागणी. १५ ऑगस्टला ग्रामसभा असते, तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. मुख्याध्यापक, सरपंच आणि पोलीस पाटील यांनी मिळून टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून ९१ मीटर मोजायचे, आत किती ठिकाणी तंबाखू मिळते त्याची यादी सभेत वाचून दाखवायची, त्या दुकानदारांशी बोलून मुदत ठरवायची, आणि पुढच्या ग्रामसभेत, म्हणजे २ ऑक्टोबरला, तीच यादी परत वाचायची. शहरात हेच काम वॉर्डात होऊ शकतं. टेप शाळेत असतेच, खेळाच्या मैदानाची.